पाउलांचा अभ्यासक : साल्व्हातोरे फेरागामो

मराठींत चरित्रें पुष्कळ आहेत. राजांचीं आहेत, संतांचीं आहेत, सेनापतींचीं, सुधारकांचीं, कवींचीं आणि अलीकडे कारखानदारांचींहि आहेत. परंतु ज्यानें आयुष्यभर दुसऱ्याच्या पायाशीं बसून जोडे शिवले, अशा माणसाचें चरित्र सुशिक्षित कुटुंबाच्या कपाटांत क्वचितच सांपडेल. याचें कारण जोड्याला इतिहास नाहीं असें नव्हे. रामाच्या पादुका भरतानें सिंहासनावर ठेवल्या ही कथा आपण बाळपणापासून ऐकतों. आळंदीहून व देहूहून पंढरीस ज्या पालख्या निघतात त्यांत पादुकाच असतात. पायांत घालावयाच्या वस्तूला इतका मान देणाऱ्या समाजानें ती वस्तु घडविणाऱ्या हाताला मात्र शतकानुशतकें उंबरठ्याबाहेर ठेवलें. पादुका वंद्य आणि जोडा शिवणारा अस्पृश्य, हा विरोध आपल्या इतका अंगवळणीं पडला कीं, त्यांत कांहीं विसंगत आहे हेंहि आपणांस सहसा जाणवलें नाहीं.

हा विचार आमच्या मनांत पुन्हां जागा झाला तो एका इटालियन कारागिराचें आत्मचरित्र वाचीत असतांना. साल्व्हातोरे फेरागामो हें त्याचें नांव. १८९८ सालीं दक्षिण इटलींतील एका खेड्यांत जन्मलेला हा माणूस १९६० सालीं वारला, तेव्हां स्त्रियांच्या पादत्राणांच्या बाबतींत जगांतील अग्रगण्य कल्पक म्हणून त्याची ख्याति झालेली होती. मृत्यूपूर्वीं तीन वर्षें, १९५७ सालीं, त्यानें आपली हकीकत ‘शूमेकर ऑफ ड्रीम्स’, म्हणजे ‘स्वप्नांचा चर्मकार’, या नांवानें प्रसिद्ध केली. तींत तो सांगतो कीं, आपण जोडे करण्यासाठींच जन्मलों. हें ज्ञान वाडवडिलांकडून आलें नाहीं, तें आपणांस केवळ आठवत गेलें. आणि ज्या अर्थीं आठवलें त्या अर्थीं मागल्या जन्मांतहि आपण हाच उद्योग केला असला पाहिजे.

इटलीच्या कॅथॉलिक खेड्यांत वाढलेल्या माणसाच्या तोंडीं ही भाषा पाहून आपणांस नवल वाटतें. आपल्याकडे मागल्या जन्माचा हवाला कशासाठीं दिला जाई? अमका चर्मकाराच्या घरीं जन्मला तें त्याच्या पूर्वकर्माचें फळ, तेव्हां त्यानें आरी-रापी सोडूं नये आणि देवळाची पायरीहि चढूं नये, हें पटविण्यासाठीं. फेरागामोनें तोच हवाला दिला तो आपल्या धंद्याची थोरवी सांगण्यासाठीं. एकच समजूत एके ठिकाणीं बेडी होते आणि दुसऱ्या ठिकाणीं भूषण होते, हें कसें घडलें तें या लेखांत पाहावयाचें आहे.

त्याच्या देशांत या धंद्याला प्रतिष्ठा होती असें मात्र कोणी समजूं नये. बोनितो हें त्याचें गांव नेपल्सपासून सुमारें शंभर किलोमीटरवर डोंगराळ मुलुखांत आहे. चौदा भावंडांत साल्व्हातोरे अकरावा. घरची शेती थोडी आणि खाणारीं तोंडें पुष्कळ. मोठे भाऊ पोट भरण्यासाठीं अमेरिकेची वाट धरीत होते. गांवांतल्या चांभाराचें दुकान हें या पोराचें आवडतें ठिकाण. तेथें बसून तो तासन् तास टांके पडतांना पाहत राही. वडिलांना हें खपत नसे. जोडे शिवणें हा त्या खेड्यांत हलक्यांतला हलका धंदा समजला जाई, आणि गरीब शेतकरीहि आपला मुलगा त्यांत घालण्यास नाखूष असे. त्याला शिंप्याकडे पाठविलें, न्हाव्याकडे पाठविलें, सुताराकडे पाठविलें. पण तो कोठेंच रमला नाहीं.

तो नऊ वर्षांचा असतांना घरांत एक अडचण उभी राहिली. त्याच्या बहिणीचा पहिल्या प्रसादग्रहणाचा विधि दुसऱ्या दिवसावर येऊन ठेपला होता. कॅथॉलिक कुटुंबांत या विधीचें महत्त्व आपल्याकडील मुंजीसारखें असतें. मुलीनें पांढरा पोषाख आणि पांढरे जोडे घालून देवळांत जावयाचें, अशी रीत. जोडे घेण्यास घरांत पैसा नव्हता, आणि लांकडी तळाच्या खडावा घालून साऱ्या गांवासमोर जाणें म्हणजे नामुष्की. साल्व्हातोरेनें गांवच्या चांभाराकडून थोडें पांढरें कापड, पुठ्ठा, खिळे आणि खळ मागून आणली, आणि सारें घर निजल्यावर तो कामास बसला. सकाळीं जोडे तयार होते. बहीण ते घालून देवळांत गेली. त्यानंतर वडिलांचा विरोध मावळला.

ही हकीकत गोड म्हणून आम्हीं दिली नाहीं. त्या रात्रीं त्या घरांत जोडा ही चैनीची वस्तु नव्हती. चार माणसांत मान वर करून उभें राहण्याचें तें साधन होतें. पुढें या माणसाकडे राण्या आल्या आणि नट्या आल्या. परंतु पायांतल्या वस्तूशीं माणसाची अब्रू बांधलेली असते हें त्याला प्रथम कळलें तें राजवाड्यांत नव्हे, स्वतःच्या चुलीपाशीं.

पुढचा प्रवास झपाट्याचा आहे. कांहीं काळ नेपल्स शहरांत उमेदवारी करून तो गांवीं परतला, आणि ज्या वयांत आपलीं मुलें इंग्रजी शाळेंत व्याकरण घोकतात त्या वयांत त्यानें राहत्या घरींच स्त्रियांच्या जोड्यांचें दुकान थाटलें; हाताखालीं मदतनीसहि ठेवले. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, पहिलें महायुद्ध सुरू झालें त्या सुमारास, तो भावांच्या पाठोपाठ अमेरिकेस गेला. बोस्टन येथें पादत्राणांचा एक प्रचंड कारखाना त्यानें पाहिला. एका टोकाला कातडें घातलें कीं दुसऱ्या टोकाला जोडे बाहेर पडत. भावांना वाटलें, पोरगा हें पाहून हरखून जाईल. तो हरखला नाहीं, खिन्न झाला. ते जोडे त्याला जड, बेढब आणि निर्जीव वाटले. यंत्राचा वेग त्याला मान्य होता. पण कोणाच्या पायासाठीं आपण जोडा करीत आहों हें यंत्राला ठाऊक नसतें, ही खंत त्याच्या मनांत राहिली.

तेथून तो कॅलिफोर्नियांतील सांता बार्बारा येथें गेला. मूकपटांचा तो उदयकाळ होता, आणि त्या गांवीं एक चित्रपट कंपनी होती. घोडेस्वार गुराख्यांच्या चित्रांसाठीं लागणारे बूट धड नसत, म्हणून ते करण्याचें काम या तरुणाकडे आलें. नटांचे बूट करतां करतां नट्यांचे नाजूक जोडेहि तो करूं लागला. चित्रपटांचा सारा व्यवसाय हॉलिवूडला गेला तेव्हां, १९२३ सालीं, तोहि तेथें गेला आणि त्यानें मोठें दुकान उघडलें. सेसिल डी मिल या दिग्दर्शकाच्या ‘दि टेन कमांडमेंट्स’ या १९२३ च्या भव्य चित्रपटासाठीं पादत्राणें त्यानेंच पुरविलीं. मेरी पिकफर्ड, ग्लोरिया स्वॉन्सन, रुडॉल्फ व्हॅलेंटिनो हीं त्याकाळचीं दिगंत कीर्तीचीं नांवें त्याच्या ग्राहकांच्या यादींत होतीं. प्राचीन ईजिप्त, ज्यू लोकांचा इतिहास, अरबी सुरस गोष्टी, असे विषय पडद्यावर येत, आणि प्रत्येक काळचा माणूस पायांत काय घालीत असेल याचा विचार या कारागिराला करावा लागे. याच सुमारास तुतनखामेनचें थडगें सांपडलें आणि ईजिप्तच्या कलेचें वेड साऱ्या पाश्चात्त्य जगाला लागलें होतें. इतिहासाचा अभ्यास त्यानें असा पायांकडून डोक्याकडे केला असें म्हणावयास हरकत नाहीं.

येथवरची गोष्ट एका हुशार कारागिराच्या भाग्योदयाची आहे, आणि अशा गोष्टी अमेरिकेंत पुष्कळ घडल्या. फेरागामो निराळा ठरला तो यापुढें. त्याचे जोडे सुंदर होते, लोक ते आवडीनें घेत. परंतु त्याला एक गोष्ट चैन पडूं देईना. सुंदर जोडा घातलेली बाई थोड्या वेळानें तो हळूच काढून ठेवी. ग्राहकांचे पाय पाहावे तों बोटें एकमेकांवर चढलेलीं, कुरुपें झालेलीं, टांचा सोललेल्या. आपल्या कलेच्या खालीं हें दुःख आहे हें त्यानें पाहिलें, आणि तें का आहे हें शोधण्यासाठीं, शाळा लहानपणींच सुटलेला हा परदेशी पोर, लॉस एंजेलिस येथील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांत शरीररचनाशास्त्राच्या वर्गास जाऊं लागला. दिवसा दुकान चालवावें आणि एरवीं हाडांचीं नांवें शिकावीं, असा क्रम त्यानें ठेवला. पायाखेरीज दुसऱ्या कोणत्याहि अवयवाविषयीं त्याला जिज्ञासा नव्हती. माणसाच्या एका पायांत सव्वीस हाडें आहेत. आणि साऱ्या शरीराचा भार जन्मभर वाहणाऱ्या या रचनेला आपण निव्वळ मापाची फळी समजत आलों, हें त्याच्या ध्यानांत आलें.

त्याला जें उमगलें तें सांगावयास सोपें आहे. भिंत सरळ आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं गवंडी ओळंबा सोडतो. ताठ उभ्या राहिलेल्या माणसाच्या शरीराचा भारहि तसाच ओळंब्यांत खालीं उतरतो, आणि तो टांचेवर किंवा चवड्यावर न पडतां पावलाच्या मधल्या कमानीवर, जेमतेम चार सेंटिमीटरांच्या जागेवर, पडतो. त्या वेळचे जोडे कसे असत? टांचेखालीं आधार, चवड्याखालीं आधार आणि कमान अधांतरीं. मग पाऊल पुढें घसरे, बोटें टोंकाशीं चेपलीं जात, आणि बाई तोल सांवरण्यासाठीं सारें अंग आंखडून चाले. फेरागामोनें आपलीं कलबुतें, म्हणजे ज्या लांकडी पावलांवर जोडा चढवून शिवतात तीं, नव्यानें घडविलीं आणि कमानीखालीं आधार भरला. उंच टांचेच्या जोड्यांत त्यानें कमानीला पोलादाच्या पातळ पट्टीचें बळ दिलें. पाऊल जागच्या जागीं राहिलें, बोटें मोकळीं झालीं. जोड्याचें सौंदर्य आणि पायाचें सुख यांचें हाडवैर आहे ही जुनी समजूत त्यानें येथें मोडली.

आमच्या मतें त्याच्या आयुष्याचा कणा हाच आहे. त्याच्या प्रेरणा कोणत्या, असें पुसलें तर लोक रंग, पोत आणि आकार यांचीं नांवें घेतात. तीं खरीं आहेत. पण पहिली प्रेरणा म्हणजे दुसऱ्याच्या पायांत दुखतें आहे ही जाणीव. ज्या कारागिराला ही जाणीव नाहीं त्याच्या हातीं सजावट तेवढी उरते.

१९२७ सालीं तो इटलीस परत आला. यंत्राशीं तडजोड न करतां पुष्कळ जोडे करावयाचे तर कुशल हात हवेत, आणि तसे हात जेथें पिढ्यान् पिढ्या तयार झाले त्या फ्लॉरेन्स शहराची त्यानें निवड केली. जुने कारागीर त्याच्या नव्या रीतीला नाकें मुरडीत, म्हणून त्यानें तरुण मुलें हाताशीं धरलीं. कारखान्याप्रमाणें कामाचे भाग पाडले, पण प्रत्येक भाग हातानेंच व्हावा असा नेम ठेवला. माल बहुतेक अमेरिकेस जाई. १९२९ सालीं न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, अमेरिकन मागणी आटली, आणि १९३३ सालीं फेरागामोचें दिवाळें वाजलें. त्यानें देशांतल्या गिऱ्हाइकांच्या भरंवशावर पुन्हां पहिल्यापासून सुरुवात केली. पांच वर्षांनंतर, १९३८ सालीं, आर्नो नदीच्या कांठचा तेराव्या शतकांतला पालात्सो स्पिनी फेरोनी हा वाडा त्यानें विकत घेतला. ज्याच्या बापाला या धंद्याची लाज वाटत होती, त्याच्या मुलानें फ्लॉरेन्सच्या एका सावकारानें बांधलेल्या वाड्यांत आपलीं कलबुतें मांडलीं.

मध्यंतरीं जें घडलें तें त्याच्या कल्पकतेची खरी कसोटी पाहणारें होतें. १९३५ च्या ऑक्टोबरांत मुसोलिनीनें ॲबिसीनियावर स्वारी केली. राष्ट्रसंघानें इटलीवर आर्थिक निर्बंध घातले. चांगलें पोलाद मिळेना. जें मिळे त्याच्या पट्ट्या मोडत, आणि पट्टी मोडली कीं सारी कमान खचे. उत्तम कातडेंहि दुर्मिळ झालें. फेरागामोनें सार्डिनिया बेटांतून येणारें बूच हातीं घेतलें. बाटलीला जें लावतात तेंच हें बूच. हलकें, दबणारें आणि टिकाऊ. टांच व चवडा यांमधली पोकळीच भरून काढली तर पट्टीची गरज काय, असा विचार करून त्यानें बुचाचे तुकडे चिकटवून पाचरीच्या आकाराचा अखंड तळ घडविला. पहिल्या पाहण्यांत तो लोकांना ओबडधोबड वाटला. पायांत घातल्यावर मत बदललें. १९३७ च्या सुमारास त्याचें पेटंट झालें, आणि थोड्याच वर्षांत जगभर त्याच्या नकला निघाल्या. आज आपल्याकडील कोणत्याहि शहरांतल्या चपलांच्या दुकानांत जी जाड, सलग तळाची चप्पल टांगलेली दिसते, तिच्या वंशाचा मागोवा या फ्लॉरेन्समधील बुचापर्यंत जातो.

टंचाईनें त्याला आणखी पुष्कळ शिकविलें. गवत, काथ्या, नमदा, माशाची कातडी आणि चॉकलेटच्या वेष्टनाचा चकचकीत पारदर्शक कागद, या सर्वांचे त्यानें जोडे केले. खेड्यांतल्या बायका विणीत त्या सुयांवरच्या जाळीदार कामाचाहि त्यानें उपयोग केला. १९३८ सालीं जूडी गार्लंड या नटीसाठीं त्यानें बुचाचा उंच थरांचा तळ केला व प्रत्येक थर निराळ्या रंगाच्या मऊ कातड्यानें मढविला. इंद्रधनुष्य पायाखालीं घ्यावें तसा तो दिसतो. बोनितोच्या त्या रात्रीं पुठ्ठा आणि कापड यांतून ज्यानें जोडे उभे केले होते, त्याला निर्बंधांच्या काळांत नवें असें काय शिकावयाचें होतें?

युद्धाचें श्रेय मात्र आम्ही कोणत्याहि शोधाला जोडूं इच्छीत नाहीं. ॲबिसीनियावरील स्वारी हा उघड अन्याय होता. आणि येथें या चरित्रांतला एक डागहि सांगितला पाहिजे. फेरागामोच्या ग्राहकांत स्वतः मुसोलिनी होता, आणि हिटलरची सहचरी एव्हा ब्राउन हीहि होती. त्यानें तें आत्मचरित्रांत लपविलें नाहीं. पण त्याबद्दल फार विचार केलेलाहि दिसत नाहीं. समोर पाय आला कीं तो त्याचें माप घेई. वैद्यानें रोग्याचें पाप-पुण्य पाहूं नये हें ठीक. तरी जोडा हें कांहीं औषध नव्हे. कलावंत एका अवयवावर इतका खिळून राहिला कीं त्यावरचा माणूस त्याला दिसेनासा होतो, हा धोका त्याच्या गुणांतूनच उत्पन्न झाला.

त्याच्या ग्राहकांत एक मराठी राजकन्याहि होती. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांची कन्या इंदिरादेवी ही कुचबिहारची महाराणी. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशीं ठरलेला विवाह स्वतः मोडून १९१३ सालीं तिनें आपल्या पसंतीचा वर वरला, ही हकीकत जुन्या वाचकांना ठाऊक असेल. तिनें फेरागामोकडे एके वेळीं शंभर जोड्यांची मागणी नोंदविली, आणि त्यांतील कांहींच्या सजावटीसाठीं आपल्या संग्रहांतील मोतीं व हिरे पाठविले. एका हिरव्या मखमलीच्या जोड्याच्या टांचेभोंवतीं मोत्यांची वेल चढविलेली होती. ज्या सयाजीरावांनीं आपल्या राज्यांत अंत्यजांसाठीं शाळा उघडल्या, त्यांच्या कन्येचीं मोतीं एका खेडवळ चर्मकाराच्या हातीं विश्वासानें गेलीं, हा योगायोग आम्हांला मोत्यांपेक्षां अधिक मोलाचा वाटतो.

शेंकडों पाय हाताळून फेरागामोनें बायकांचे तीन वर्गहि पाडले होते: लहान पावलांच्या त्या ‘सिंड्रेला’, मध्यम पावलांच्या त्या ‘व्हीनस’, आणि मोठ्या पावलांच्या त्या ‘ॲरिस्टोक्रॅट’, आणि पावलाच्या मापावरून स्वभाव सांगण्याचा त्याला छंद होता. आपल्याकडील सामुद्रिकांच्या पंक्तींत हें बसवून आपण हंसून सोडून द्यावें. पण मोठ्या पायांची लाज वाटणाऱ्या बाईला ‘तुम्ही थोर कुळांतल्या’ असें म्हणून खुर्चीवर बसविण्यांत जी चतुराई आहे, तिचें कौतुक केल्यावांचून राहवत नाहीं.

महायुद्ध संपल्यावर, १९४७ सालीं, त्यानें ‘अदृश्य’ जोडा केला. मासे धरण्याचा पारदर्शक नायलॉनचा दोरा त्यानें पावलावरून आडवा-उभा नेला. खालीं आंतून कोरलेली वळणदार टांच. वर पाहावें तों पाऊल उघडेंच. या कृतीबद्दल त्याच वर्षीं अमेरिकेंतील नायमन मार्कस पारितोषिक त्याला मिळालें. त्याच समारंभांत ख्रिश्चन डिऑर या फ्रेंच वेषकारालाहि तें मिळालें. हा जोडा फारसा खपला मात्र नाहीं. इतकें उघडें पाऊल दाखविण्यास बायका संकोचल्या. तरीहि आम्हांला तो त्याच्या साऱ्या उद्योगाचें सार वाटतो. जोडा नाहींसा करून पाऊलच दाखवावें, हा विचार पावलाच्या भक्तालाच सुचूं शकतो.

१९५० च्या सुमारास त्याच्याकडे सातशें कारागीर होते, आणि दिवसाला साडेतीनशें जोड हातानें तयार होत. याचा अर्थ दोन माणसांमागें दिवसाला एक जोड. साडेतीनशेंहून अधिक पेटंटें त्याच्या नांवावर आहेत. १९४० सालीं त्यानें आपल्याच गांवच्या डॉक्टरांच्या मुलीशीं, वांडा मिलेत्ती हिच्याशीं, विवाह केला होता. १९६० च्या ऑगस्टांत तो बासष्टाव्या वर्षीं वारला तेव्हां सहा मुलें आणि हा सारा पसारा तिच्या अंगावर पडला, आणि धंद्याचा कसलाहि अनुभव नसतांना तिनें तो वाढविला. १९९५ सालीं त्याच वाड्यांत त्याच्या जोड्यांचें संग्रहालय उघडलें. तेथें नामांकित ग्राहकांचीं लांकडी कलबुतें नांवें घालून जपलेलीं आहेत.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. गर्भश्रीमंती नाहीं, कुलाची प्रतिष्ठा नाहीं, धंदा हलका, आणि तरीहि या माणसाला आपला धंदा पूर्वजन्मींचें संचित वाटला, ओझें वाटला नाहीं. याचीं कारणें दोन दिसतात. पहिलें असें कीं, तो धंदा त्यानें निवडला. कोणीं त्याच्या कपाळीं लिहिला नाहीं. वडील ‘हें करूं नकोस’ म्हणत असतां त्यानें तो केला. ज्याला सोडण्याची मोकळीक आहे त्यालाच धरून ठेवण्याचा अभिमान वाटूं शकतो. दुसरें असें कीं, ज्ञानाचें दार त्याला उघडें सांपडलें. हाडांचें शास्त्र शिकावयास गेलेल्या चर्मकाराला ‘तुला काय करावयाचें’ असें विद्यापीठानें विचारलें नाहीं. हाताला शास्त्र मिळालें, शास्त्रामुळें शोध लागला, शोधाला पेटंट मिळालें, आणि पेटंटावर नांव आलें.

आमच्याकडे यांतलें काय होतें? हात होता. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडे बेळगांव, धारवाड, बागलकोट, विजापूर या पट्ट्यांत जी चप्पल होते तिचें कातडें बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलें असतें. तिला खिळा लागत नाहीं. कातड्याच्याच वादीनें ती शिवतात, आणि वरच्या नाजूक वेण्या बहुधा घरांतल्या बायका घालतात. उन्हांत आणि दगडांत वर्षानुवर्षें टिकणारी ही वहाण म्हणजे एक शोधच आहे. तो कोणाचा, हें कोणास सांगतां येत नाहीं. चपलेच्या जातींना गांवांचीं नांवें मिळालीं, जशी कापशी. माणसाचें नांव कोठेंच उरलें नाहीं. २०१९ सालीं या आठ जिल्ह्यांच्या नांवें तिची भौगोलिक निर्देशांकांत नोंद झाली. २०२५ च्या जूनमध्यें, फेरागामोच्याच देशांत, मिलान येथें, प्रादा या पेढीनें तशाच आंगठ्याच्या चपला प्रदर्शनांत आणल्या, आणि त्या कोठल्या हें प्रथम सांगितलें नाहीं. महाराष्ट्रांतून ओरड झाल्यावर त्यांचें मूळ भारतीय कारागिरींत आहे हें तिनें मान्य केलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस येथील सरकारी चर्मोद्योग महामंडळांशीं करारहि केला. ही गोष्ट चांगली झाली. आपण सर्वांनीं त्या वेळीं रागहि भरपूर केला.

त्या रागांत आम्हीहि होतों. म्हणून एक गोष्ट कबूल करणें प्राप्त आहे. आमच्या घराजवळच्या कोपऱ्यावर एक कारागीर बसतो. गेलीं वीस वर्षें आमच्या घरच्या वहाणा तोच दुरुस्त करतो. ‘कोपऱ्यावरचा’ एवढीच त्याची आमच्या घरांत ओळख होती. मिलानच्या पेढीनें नांव घेतलें नाहीं म्हणून संतापलेल्या आम्हांला वीस वर्षांत त्याचें नांव विचारण्याची बुद्धि झाली नव्हती. हा लेख लिहावयास घेतला तेव्हां आम्हीं तें विचारलें. त्यानें हातांतला जोडा खालीं ठेवला, आमच्याकडे जरा संशयानें पाहिलें आणि म्हणाला, “कां हो साहेब, कांहीं तक्रार आहे काय?” आम्हीं नाहीं म्हटल्यावर त्यानें नांव सांगितलें. त्याचा मुलगा यंदा अकरावीस शास्त्रशाखेंत आहे, हेंहि त्यानें न विचारतां सांगितलें. तो मुलगा बापाचा धंदा करील कीं नाहीं, हें त्याचें तोच ठरवील. आणि तें त्यानेंच ठरवावें.